पाणी दगड होते म्हणणारे भाऊ

आत्ताच सांगतो. उद्यावर टाकलं तं माहं पोट फुटन. काल मी भाऊले नदीवर भेटून आलो, आन् तवापासून ना जेवण गोड लागून राह्यलं, ना कामात ध्यान लागून राह्यलं. आज हापिसात एका चिठ्ठीत दोनदा 'बरफ' टाइप केलं. चिठ्ठी बांबूची होती! मोठ्या बाबूनं ते वाचलं, माह्याकडं पाह्यलं, आन् म्हणे घरी जा. म्हून आलो घरी, आन् बसलो लिवाले. घाईत लिवून राह्यलो, मांगंपुढं होईन, समजून घ्या.

भाऊचं नाव नाई सांगत. काऊन, ते वाचता वाचता तुमालेच समजन.

भाऊ आमच्या बल्लारशाच्या कागद मिलमधी, बांबू यार्डात. जंगलातून बांबू येते, तो उतरवून घेणं, गंज्या लावणं, हे त्याइचं काम. आन् मिलच्या हाकी टीमचे गोलकीपर. मी टायपिस्ट, पण टीममधी लेफ्ट बॅक, म्हंजे खेळताना भाऊच्या अगदी समोर. भाऊ गोलमधून जे जे बोलत ते सगळं माह्या पाठीवर पडे.

आधी त्याइची चाल सांगतो. भाऊ पाय उचलतच नव्हते. सरकवत. एक पाय असा तिरपा बाहेर ढकलत, मंग दुसरा तिरपा, हात पाठीमांगं बांधलेले, गुडघे जरासे वाकलेले. यार्डातून निघाले का धुळीत दोन्हीकडं फराटे. चपला तळातून झिजत नसत, बाजूनं झिजत. मोची म्हणे, "भाऊ, तुमी चालता का घासता?" पोट्टे मांगं मांगं तसेच सरकत जात, चिडवत. भाऊ चिडतीन तं शप्पथ! उलट थांबत, आन् शिकवत, "गुडगा वाकव. वाकव न बे! आन् थांबाचं असन तं पाय फिरवून आडवा हो. पळनं कोनालेबी येते. थांबनं शिका लागते."

एकदा रोवण्याच्या, म्हंजे धान लावाच्या दिवसात मी त्याइच्या गावाले गेलतो, नागभीडकडं. धानाच्या बांधीत चिखल गुडघाभर. सगळे पाय उपसत उपसत चालून राह्यले, आन् आमचे भाऊ ओल्या धुऱ्यावरून, म्हंजे बांधावरून, असे सूं सूं गेले, या टोकापासून त्या टोकापावेतो, आन् टोकाले जाऊन आडवे झाले आन् थांबले. बाया रोवणं सोडून उभ्या. एक म्हातारी म्हणे, "याच्या आंगात मासोळी हाय."

दुसरी खोड मांगं पाह्याची. गोलमधी उभे राह्यले का सारखे मान वळवून गोलच्या मांगं पाहत. समोरून पाच जण धावून राह्यले, मी आडवा पडून राह्यलो, आन् आमचा गोलकीपर मांगं पाहून राह्यला! मी एक दिवस वैतागलो.

"भाऊ, मांगं का हाय?"

"गोलच्या मांगंबी मैदान असते."

"मांगं बाभळी हायेत."

"इथी बाभळी हायेत," भाऊ म्हणे. "तिथी मैदान होतं."

"तिथी म्हंजे कुठी?"

झालं. मी इचारलं, आन् फसलो.

भाऊ सांगत ते असं. इंग्रजाच्या राज्यात चांद्याले एक जंगलसाहेब होता. भाऊ तवा पोट्टे, पण मासोळी अशी रांधत का साहेब बोटं चाटे. साहेबाची बदली झाली शिमल्याले, त्यानं भाऊले संगं नेलं, रसोईत. तिथी थंडीच्या दिवसात संध्याकाळी मैदानावर पाणी शिंपत, आन् सकाळी ते पाणी दगड झालेलं असे. त्या दगडावर साहेब लोक पातेवाले बूट घालून हाकी खेळत. एक दिवस त्याइचा गोलकीपर तापानं पडला. साहेबानं भाऊले रसोईतून बोलावलं, पायाले बूट बांधले, आन् म्हणे उभा राह्य. भाऊ उभे राह्यले. पडले. उठले. पुन्हा पडले. पण गोल नाई होऊ देला! पुढच्या थंडीत साहेबानं दुसरा कोणी बोलावलाच नाई. मंग हरेक थंडीत भाऊच. दुसऱ्या साहेबाची टीम आली का आधी इचारे, तो मासोळीवाला आहे का गोलमधी?

"चेंडू नसते तिथी," भाऊ सांगत. "चकती असते, रबराची. अनारशाएवढी. उडत नाई, सरपटते, सापावानी. आन् गोलच्या मांगून येते! मांगून येऊन बाजूनं घुसते. म्हून मांगं पाहाव लागते."

आता तुमीच सांगा. आमच्या चांद्यात वैशाखात हाकीची स्टिक उन्हात ठेवली तं तडकते. कावळे झाडावरून पडते. आन् हा माणूस म्हणे मी बरफावर हाकी खेळलो! बरफ म्हंजे आमाले काय माहीत? चांद्याच्या बजारात भुशातून काढून, गोणपाटात घालून ठोकलेली, रंगीत पाणी टाकून खाल्लेली. त्याच्यावर माणूस पळते?

आमचा कप्तान बॉयलरवर फिटर होता, जिभेचा तिखट. तो म्हणे, "भाऊ, कोनत्या गाडीनं गेलते शिमल्याले? आमालेबी तिकीट काढून द्या. येताना तुमचं मैदान फोडून आनू, सरबत करू."

सगळे हासत. भाऊबी हासत. पण गोष्ट मांगं घेत नसत. एक शबुद इकडचा तिकडं नाई. दहा वेळा इचारा, तीच चकती, तोच साप, तेच अनारसं.

माजरीच्या कोळसा खाणीवाल्यांसंगं मॅच झाली ते तं सांगाच लागते. चेंडू आमच्या गोलच्या बाजूनं लाइनीबाहेर गेला. अंपायरनं शिट्टी मारली. सगळे थांबले. भाऊ नाई थांबले! भाऊ गोलच्या मांगं गेले, बाभळीतून चेंडू काढला, मांगून फिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर आले, सरकत सरकत, आन् खाणीवाल्यांचा सेंटर फॉरवर्ड मधी उभा होता, त्याले असा खांदा मारला का तो जाऊन पडला आमच्या पाणी पाजणाऱ्या म्हाताऱ्याच्या मांडीवर. अंपायर धावत आला.

"हे का होतं?"

"खांदा," भाऊ म्हणे. शांत. "खांदा चालते."

"कोनत्या हाकीत चालते?"

भाऊनं तोंड उघडलं. मी डोळे मिटले. कप्तान वरडला, "भाऊ, बरफाचं नाव काढू नोका!"

काढलं. अंपायरनं त्याइले बाहेर बसवलं. खाणीवाले बाहेरून गाणं म्हणत होते, 'बरफवाले आले, बरफवाले गेले'. तवापासून नावच पडलं, बरफवाले भाऊ.

हे सगळं हासण्यावारी होतं, मी खोटं नाई बोलत, मीबी हासलो. पण घरात त्याचं हासू नव्हतं. भाऊची एकच पोरगी, शेवंता. तिले दोन सोयरिका आल्या आन् दोन्ही गेल्या. काऊन? पाव्हणे येत, चहा पीत, गावात इचारपूस करत, आन् गावातलं पोट्टं सांगे, पोरीचा बाप म्हणते पाणी दगड होते आन् तो त्याच्यावर पळते. पाव्हणे विचार करत, हे पागलपण आहे. आन् पागलपण रक्तात असते, उद्या नातवात निघन. गेले.

आता तिसरी सोयरीक आली होती नागभीडकडून. पोरगा रेल्वेत खलाशी. शेवंतानं त्याले मंडईच्या, म्हंजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकात पाह्यलं होतं, त्यानंबी तिले पाह्यलं होतं, आन् हे दोघाच्याबी घरी कोणाले माहीत नव्हतं, पण मले माहीत होतं, कारण शेवंतानं मले सांगतलं. एक दिवस विहिरीवर मले थांबवून म्हणे, "दादा, बाबाले समजावा न. एक दिवस. फकस्त एक दिवस तोंड बंद ठेवाचं. मी दुसरं काई मांगत नाई."

मी गेलो घरी समजवाले. बाई, म्हंजे भाऊची घरवाली, अंगणात मासोळी चिरत बसली होती. मी म्हटलं, "बाई, भाऊ हे बरफाचं काऊन सोडत नाई?" तिनं विळी खाली ठेवली. आत गेली, आन् एक बूट आणून माह्यासमोर टाकला. चामड्याचा, काळा, जुना, वाळून कडक झालेला, आन् तळाले हे एवढं लोखंडी पातं!

मी उडालोच. "दुसरा कुठी हाय?"

बाईनं तीच विळी उचलून दाखवली. "हा का. हे आले तवा घरात विळी नव्हती. म्या लोहाराकडून पातं काढून घेतलं, धार लावून घेतली. आता उरलेल्या एका बुटाचं कोनाले काम?" आन् पुन्हा मासोळी चिराले लागली.

"म्हंजे हे खरं हाय? बाई, तुमी मानता?"

"मले का माहीत बाबू. मी का शिमला पाह्यला? बूट खरा हाय. विळी खरी हाय. चांगली चालते."

मीबी घरी जाता जाता विचार केला. बूट खरा, म्हंजे गोष्ट खरी, असं थोडंच आहे? साहेबानं फेकला असन, यानं उचलला असन.

आता ऐका. आता खरं सुरू होते.

उन्हाळ्यात मिलच्या मैदानावर मॅच होती, मोठे पाव्हणे येणार होते. त्याइच्या सरबतासाठी नागपुरावरून गाडीनं बरफ मागवला. लाद्या आल्या, भुशात आन् गोणपाटात गुंडाळलेल्या, आन् बांबूच्या शेडमधी सावलीत ठेवल्या. सगळी टीम शेडमधीच कपडे बदलून राह्यली होती. कप्तान वरडला, "भाऊ! तुमचं मैदान आलं!"

हासा पडला. पण भाऊ उठले. लादीवरचा भुसा हातानं सारला. हात तसाच ठेवला तिच्यावर. मंग म्हणे, "मांडा."

"का?"

"लाद्या मांडा. एका लाइनीत. मी आलो." आन् निघाले घराकडं, सरकत.

लोकाइले तमाशा पाह्यजेच होता. लाद्या ओढल्या, एकाले एक लावून मांडल्या. बातमी बाहेर गेली. बाया आल्या, पोट्टे आले, मॅच पाह्याले आलेले झाडून सगळे शेडमधी घुसले. आन् ऊन असं का छपरातून आग गळून राह्यली. एका म्हाताऱ्यानं पायानं ठोकर मारली, लादीचा कोपरा तुटला, त्यानं तो तोंडात टाकला. बस! एकानं टाकला तं दुसऱ्यानं टाकला. कोणी बांबूच्या तुकड्यानं ठोकून राह्यला, कोणी पदरात बांधून राह्यली, एकानं तं डोक्यावर ठेवून टोपी घातली. कप्तान मधी उभा राहून वरडे, "अबे पाव्हन्याइचा बरफ हाय! अबे सरबताचा हाय!" कोण ऐकते? पाहता पाहता लोकाइनं मैदान खाल्लं! शिट्टी झाली, मॅच सुरू व्हाची वेळ झाली, आन् सगळे तोंड पुसत बाहेर.

मी एकटाच शेडमधी. काऊन, तं मी कोपऱ्यात गोणपाटावर गार वाटते म्हून बसलो होतो, आन् माह्या खाली दोन लाद्या होत्या. कोणाले दिसल्याच नाई.

भाऊ आले. हातात बूट. दुसऱ्या हातात स्टिक. खाली पाह्यलं, नुसता ओला भुसा. त्याइचं तोंड मी कधी इसरणार नाई. मी उठलो, गोणपाट ओढलं. "भाऊ, दोन हायेत."

आमी दोघानं त्या लाद्या ओढल्या, एकापुढं एक लावल्या. भाऊनं वरून लोटाभर पाणी टाकलं, हातानं सारखं केलं, बाई अंगण सारवते तसं. मंग एका पायात बूट बांधला. एकाच. दुसरा पाय उघडा.

मी म्हटलं, "भाऊ, पडान."

ते मांगं गेले. उघड्या पायानं जमीन ढकलली, एकदा, दोनदा, आन् बूट बरफावर ठेवला.

लोकहो, माणूस गेला! पाय न हालवता गेला! आवाज झाला, कापड फाटते तसा. मी अशी चाल पाण्यावरच्या बगळ्याचीबी नाई पाह्यली. दोन लाद्या, म्हंजे का लांबी? एक डोळा मिटेपावेतो संपली. पण टोकाले भाऊ आडवे झाले, आन् बरफाचा चुरा उडाला तो सरळ माह्या तोंडावर! वैशाखाच्या दुपारी, बल्लारशात, माह्या डोळ्यात बरफाची धूळ!   आन् मी डोळे पुसून पाहतो तं भाऊ वापस चालले, उलटे! पाठीकडून! मान खांद्यावरून मांगं वळवलेली, स्टिक समोर, जसं कोणी चकती घेऊन मांगून येऊन राह्यलं.

उतरले. बूट सोडला. दम नाई, घाम नाई.

"पाह्यलं?"

"पाह्यलं," मी म्हटलं.

"बस झालं," भाऊ म्हणे. "एकानं पाह्यलं."

मॅच हारलो. त्याचं सोडा.

मी त्या दिवशी ज्याले भेटलो त्याले सांगतलं. कप्तानले सांगतलं, मोठ्या बाबूले सांगतलं, पानवाल्याले सांगतलं. कप्तान म्हणे, "ऊन लागलं तुले. कांदा ठेव खिशात." बाबू म्हणे, "बरफ कुठी होता? बरफ तं मी खाल्ला." मी शपथा खाल्ल्या. लोक मले छोटा बरफवाला म्हणाले लागले.

आन् मंग सोयरिकीचा दिवस आला.

पाव्हणे गाडीनं आले, दुपारी. होणारा इवाई म्हंजे पोराचा बाप, तलावातली मासेमारी करणारा, काळा, सुका, थोडं बोलणारा माणूस. त्याइच्यात रीत अशी का सुपारी फुटेपावेतो पोरीच्या घरचं पाणी प्याचं नाई. सगळे घामानं भिजलेले, घसे कोरडे, कोपऱ्यात माठ, त्याच्यावर लोटा, आन् कोणी हात लावून नाई राह्यला. कप्तान, मी, यार्डातले चार जण, सगळे भाऊकडून बसलो. बाई दाराआड, तिच्या मांगं शेवंता.

सुपारी ताटात ठेवली. इवाई म्हणे, "फोडाच्या आधी माही एक शंका हाय."

"बोला न," भाऊ म्हणे.

"गाडीत एक जन भेटला. कोनाकडं चालले, इचारलं. आमी सांगतलं. तो हासला. म्हने, बरफवाल्याकडं? आता तुमीच सांगा, हे का परकरन हाय?"

मी भाऊकडं पाह्यलं. कप्तान खाकरला. पण भाऊले खोटं येतच नव्हतं. त्याइनं सरळ सांगतलं. शिमला, साहेब, बूट. तेवढ्यावर थांबले असते तं चाललं असतं. नाई थांबले! पुढं म्हणे, "मंग एका थंडीत साहेबासंगं कश्मीरले गेलो. तिथी तं तलावच गोठला होता. आमी वर खेळून राह्यलो, आन् खाली मासोळ्या फिरून राह्यल्या. काचेतून दिसाव तशा."

इवाईची मान वर झाली. "जित्या?"

"जित्या."

"वर पानी दगड?"

"दगड."

"पुऱ्या तलावावर?"

"पुऱ्या."

इवाईनं सुपारीचं ताट जरासं बाजूले सारलं. मंग म्हणे, आन् रागानं नाई म्हणे, समजावल्यावानी म्हणे, "भाऊ, माहा जलम तलावात गेला. मरळ मासोळी घडीघडी वर येते. तोंड काढते, दम घेते, खाली जाते. जाळ्यात अडकली आन् वर येता नाई आलं तं पान्यात असून मरते. म्या माह्या हातानं काढल्या हायेत अशा मेलेल्या. तुमी म्हनता पुऱ्या तलावावर झाकन, आन् खाली मासोळ्या जित्या. तुमीबी ढिवराचे, मासोळी मारनाऱ्याचे पोर. तुमाले हे सांगाव लागते का?"

  मी लाद्या पाह्यल्या होत्या, तलाव नव्हता पाह्यला.

"आता माहं असं हाय," इवाई म्हणे. "मस्करी मानूस करते. मीबी करतो. तुमी म्हना मस्करी होती, मी हासतो, सुपारी फोडू. पन तुमाले हे खरंच वाटत असन, तं मंग ती बिमारी हाय. आन् बिमारीच्या घरची पोरगी मी कशी नेऊ? पोरगी चांगली हाय. तिचा दोष नाई."

कप्तान, तोच तिखट जिभेचा कप्तान, हात जोडून म्हणे, "भाऊ, म्हना न. एक शबुद हाय."

मी उठलो. मले राहवलंच नाई. "मी पाह्यलं! म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं, शेडमधी! बूट हाय घरात, मी आनून दाखवतो!"

इवाई माह्याकडं पाहून राह्यला, आन् मले दिसून राह्यलं का तो आता उठणार. दाराआडून बाईचा आवाज आला, नुसता, "अवो."

आन् भाऊ हासले.

असे हासले का मी दचकलो. मांडीवर थाप मारून, मान मांगं टाकून, खो खो. "अवो इवाई! पानी कुठी दगड होते हो? साहेबाच्या घरी मी भांडे घासत होतो, भांडे! थंडीनं बोटं वाकडे होत. इथी आलो तं काई तरी सांगाव लागे न लोकाइले, म्हून बरफ सांगतला. पहा, पुरा बल्लारशा फसला!" मंग माह्या खांद्यावर हात ठेवून मले खाली बसवलं. "आन् हा आमचा पोरगा, साधा हाय. बूट म्या कबाड्याकडून घेतलता. म्या सांगाव आन् यानं मानाव. आता तं म्हनते पाह्यलंबी!"

सगळे हासले. पाव्हणे हासले, यार्डवाले हासले, कप्तान डोळे पुसेपावेतो हासला. माह्यावर! मी मधी बसलेला, तोंड उघडं. भाऊचा हात माह्या खांद्यावर, आन् तो हात जड होता, दाबून ठेवला होता त्याइनं, उठू नको म्हून.

सुपारी फुटली. इवाईनं लोटा उचलला आन् एका दमात रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी यार्डात भाऊ आले ते पाय उचलून. धप, धप. सगळ्या माणसाइवानी. मी खिडकीतून पाहत होतो, माहे बोटं टाइपरायटरवर तसेच थांबले. मॅचमधी गोलमधी उभे राह्यले आन् एकदाबी मांगं नाई पाह्यलं. चांगले खेळले. कप्तान म्हणे, भाऊ सुधरले. पोट्टे मांगं सरकत आले तं भाऊ त्याइच्यावर खेकसले, "सरळ चाला बे!"

लगन झालं. शेवंता सासरी गेली, सुखात आहे. आता पहिल्या बाळंतपणाले माहेरी आली आहे. मले पाहून हासते, पण त्या दिवसाचं नाव काढत नाई.

काल मी नदीवर गेलो. भाऊ एकटे होते, जाळं धुऊन राह्यले होते. दूरपावेतो माणूस नाई.

"भाऊ, इथी कोनी नाई."

"हाव, कोनी नाई."

"आता तं सांगा."

"का सांगू?"

"शिमल्याचं."

भाऊनं जाळं पिळलं. "भांडे घासले तिथी. थंडी लई."

"आन् हाकी?"

"हाकी इथी शिकलो. मिलमधी."

"भाऊ!" मी वरडलोच. "तुमी माह्या तोंडावर चुरा उडवला! उलटे गेले तुमी, पाठीकडून! मले इचारलं, पाह्यलं का म्हून!"

ते उठले. ओल्या हातानं माहं कपाळ चाचपलं, ताप पाहतात तसं. मी त्याइच्या डोळ्यात पाह्यलं. एवढ्या जवळून पाह्यलं. मले वाटलं आत कुठी तरी हासू असन, एक इशारा असन, माह्यासाठी ठेवलेला. नव्हता. मायाच होती, दुसरं काई नव्हतं.

"बाबू," भाऊ म्हणे, "टोपी घालत जा उन्हात." आन् जाळं खांद्यावर टाकून निघाले. पाय उचलून.

मी वाळूत उभाच. अजूनबी तिथंच उभा आहो असं वाटून राह्यलं.

हे छापून आलं तं सगळ्यात आधी भाऊच म्हणतीन, हा पोरगा लबाड आहे. आन् सगळे मानतीन. पण मी पाह्यलं! मले सांगा, तुमच्यासंगं झालं का असं कधी? एखाद्याचं खरं तुमी आपल्या डोळ्यानं पाह्यलं, आन् ज्याचं होतं तोच ते तुमच्याजवळ टाकून निघून गेला, आन् मांगून हाक मारली तं तुमालेच इचारते, बरा आहेस न? झालं असन तं सांगा. कोणाले तरी झालं असनच न?